एक फाईल जास्त

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामेभाऊ, हर्षद. त्याला थाप मारता येत नाही. मारायला गेला की कान लाल होतात, लहानपणापासूनच. हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या कानांकडेच बघत होते.

कान पांढरेफटक पडले होते.

रात्र, अमावास्या, स्मशान असलं काही यात नाही, आधीच सांगते. हे भर दुपारी घडलं. मागच्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. कांजूरमार्ग पूर्वेला, पुनर्वसनाच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कांदेबटाटेवाला ओरडत होता.

तरीसुद्धा…

असो. सुरुवातीपासून सांगते.

हर्षद पवईला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या शेजारच्या खुर्चीत निलेश घाडी बसायचा. दोघांची दोस्ती अशी, की एकाने डबा आणला नाही तरी भागायचं. हा निलेश त्याच वर्षी दसऱ्यानंतर गेला. बरं वाटत नाही म्हणून ऑफिसातून दुपारीच घरी निघाला आणि स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात कोसळला. हार्ट अटॅक. शेजाऱ्यांच्या नजरेस पडला तोवर उशीर झाला होता.

पस्तिशीसुद्धा झाली नव्हती रे देवा.

घरात उरली एकटी आई, प्रेमाकाकू. वडील गुणाजी कधीच गेले होते. धाकटी बहीण रुचिरा लग्न होऊन दहिसरला.

आणि प्रेमाकाकूंना आवाज नाही.

घशाचा कॅन्सर झाला होता. वर्षानुवर्षं मिसरी लावायच्या, त्याचं फळ. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. बोलणं सोडाच, कुजबुजसुद्धा निघत नाही. ओठ हलतात, तेवढंच. गळ्याला श्वासासाठी भोक, आणि त्यावर सतत एक पांढरा रुमाल.

ऑपरेशनच्या आधी निलेशने एक शहाणपणा केला होता. आईला समोर बसवून तिची रोजची वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. अस्सल मालवणीत, तिच्या ठसक्यात. 'चाय ठेवलंय.' 'माका नको.' 'जेवलंस काय?' 'पंखो बारीक कर.' 'बस जरा.' मग त्यावर एक प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर चित्रं असायची. चित्र दाबलं की लॅपटॉप काकूंच्या आवाजात बोलायचा. दूधवाल्याशी, शेजारणीशी, लेकीशी फोनवर, काकू त्यातूनच बोलायच्या.

निलेश गेल्यावर तो लॅपटॉपही मरायला टेकला. बॅटरी फुगली होती. मधेच बंद पडायचा, आणि काकू वाक्य अर्धं टाकून बसून राहायच्या.

रुचिराने नवा लॅपटॉप घेतला आणि हर्षदला फोन केला. आईचा आवाज जुन्यातून नव्यात घालून दे, एवढंच म्हणाली.

हर्षद लगेच हो म्हणाला. नाही म्हणणार तरी कसा? पण त्या महिन्यात त्याची अवस्था काय विचारू नका. ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी आणि निलेशचंही काम याच्याच डोक्यावर. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही. माणूस उभ्या उभ्या झोपायचा.

आता थोडं कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही ते कळलंय, म्हणजे कोणालाही कळेल.

निलेशने तो प्रोग्राम सरळ कॉपी करता येईल असा ठेवला नव्हता. त्याने त्याचं पॅकेज बनवलं होतं. पॅकेज म्हणजे एक रेसिपी समजा. काय काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने घालायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम ती रेसिपी वाचतो आणि मशीनच्या आत एका बंद खोलीत सगळं रांधतो. खोली दर वेळी नवी, कोरी. आत इंटरनेट नाही, बाहेरची एक फाईल नाही. रेसिपीत लिहिलंय तेवढंच आत जातं. त्यामुळे तीच रेसिपी कुठल्याही मशीनवर चालवा, कितीही वेळा चालवा, तेच बाहेर पडतं.

शेवटी एक चाचणी असते. चव बघितल्यासारखी. जेवढी रेकॉर्डिंग आत गेली तेवढेच आवाज बाहेर आले का, हे मशीन मोजतं. जुळलं तर पॅकेज पास. नाही तर सगळं रद्द.

रविवारी दुपारी मुलुंडला आपल्या घरी हर्षद ते घेऊन बसला. आधी साध्याच अडचणी आल्या. एक लिंक मेलेली, एक जुनं व्हर्जन कुठे मिळेना. एक बुजवलं की दुसरं उघडं पडायचं. एकेक करत सगळं मार्गी लागलं. आता फक्त चाचणी.

चाचणी नापास.

कारण लिहून आलं होतं. एक फाईल जास्त.

हर्षदला वाटलं, निलेशने कुठेतरी एखादं रेकॉर्डिंग चुकून ठेवलं असेल. शोधलं. नव्हतं. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून चालवलं.

एक फाईल जास्त.

हे होऊच शकत नव्हतं. बंद खोलीत जे गेलंच नाही ते बाहेर कसं येईल? दुसऱ्या कुठल्या दिवशी हर्षद हात धुऊन याच्या मागे लागला असता. पण त्या दिवशी त्याच्यात त्राण नव्हतं. आतल्या खोलीतून सासरे हाक मारत होते, बायको औषध शोधत होती.

त्याने रेसिपीत एक ओळ वाढवली. चाचणी वगळ.

सगळे करतात हे. दमलेला माणूस हमखास करतो.

पॅकेज तयार झालं. ती जास्तीची फाईल त्याने उघडून ऐकलीसुद्धा नाही.

संध्याकाळी कांजूरला जाऊन त्याने ते नव्या लॅपटॉपवर बसवलं. काकूंनी रुमाल सारखा केला, भीत भीत एक चित्र दाबलं.

"बस जरा. चाय ठेवलंय."

तोच आवाज, तोच ठसका. हर्षदला भरून आलं. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खरंच चहा टाकायला उठल्या. परतताना तो जिना उतरला तेव्हा कित्येक दिवसांनी त्याला जरा हलकं वाटत होतं.

दोन-तीन दिवस गेले असतील. रुचिराचा ऑफिसात फोन आला.

"हर्षद, तू काय घातलंयस त्या लॅपटॉपमध्ये?"

 रोज दुपारी, ती सांगत होती, आई आडवी झाली की त्या लॅपटॉपमधून आवाज येतो. कोणी काही दाबलेलं नसतं. आधी नुसती खरखर. आणि मग…

टक. टक. टक.

दारावर कोणी वाजवावं तसं.

काकू उठतात. गुडघे धरत दारापर्यंत जातात. कडी काढतात. बाहेर कोणी नाही. येऊन पडतात, तर पुन्हा टकटक. पुन्हा उठतात. लॅपटॉपमधून आवाज येतोय हे त्यांना कळत नाही असं नाही. तरी उठतात. आदल्या दिवशी तर उघड्या दारात उंबऱ्यावरच बसून राहिल्या होत्या, शेजारणीने आत नेऊन निजवलं.

रुचिराने लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवून पाहिला होता. मग घरात चिडीचूप. काकू एक शब्द बोलू शकेनात. त्यांनी स्वतःच तो काढून पुन्हा सुरू केला.

"खात नाही ती, झोपत नाही," रुचिरा म्हणाली. "अशीच दार उघडत राहिली तर मरेल यार माझी आई. ते बंद केलं तर मुकी होते. तूच सांग, काय करू?"

हर्षदला ती न ऐकलेली फाईल आठवली.

गुरुवारी त्याने अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि कांजूरला गेला. लिफ्ट बंद होती, चालत चढला. निलेश जिथे पडला होता ते जिन्याचं वळण ओलांडताना त्याने भिंतीकडे बघितलं नाही. शेजारच्या घरातून मार्गशीर्षाच्या पूजेची घंटी ऐकू येत होती. घाडींकडे यंदा सणवार नव्हते.

रुचिरा दहिसरहून येऊन बसली होती. काकू पलंगावर भिंतीला टेकून होत्या. चार दिवसांत अर्ध्या झाल्या होत्या. हर्षदला बघून त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"दमलंय मी," लॅपटॉप त्यांच्या आवाजात म्हणाला.

हर्षद आपला लॅपटॉप उघडून जमिनीवर बसला. म्हणाला, आज हे मुळापासून काढतो.

सगळ्यात आधी त्याने ती जास्तीची फाईल वाजवली. खरखर. मग टक, टक, टक. पुढे काही नाही.

काकू उठायला लागल्या. रुचिराने त्यांना धरून बसवलं.

हर्षदचं काम सरळ होतं. नको असलेली गोष्ट कुठून येते हे शोधायचं, तर एकेक जिन्नस काढत जायचा. ज्याच्यासोबत ती नाहीशी होईल तो दोषी. त्याने अर्धी रेकॉर्डिंग काढली आणि पॅकेज पुन्हा बनवलं. चाचणी वगळलेली, म्हणून स्वतःच मोजलं.

एक फाईल जास्त.

फाईल वाजवली. टक, टक, टक. आणि त्यानंतर आता… श्वास. जिने चढून आलेल्या माणसाचा, धाप लागलेला.

"हे मघाशी नव्हतं ना?" रुचिराने विचारलं.

नव्हतं. हर्षदने तीच रेसिपी, काहीही न बदलता, परत एकदा चालवली. नियमाप्रमाणे तेच बाहेर यायला हवं होतं. त्याच नियमावर त्याची नोकरी चालते.

फाईल लांबली होती. श्वासानंतर पुन्हा टकटक, या वेळी हळू. हाताच्या मुठीने नव्हे, बोटांनी.

हर्षदने लॅपटॉपवरून हात काढला. पण थांबणारा नव्हता तो. दमलेला माणूस कधी कधी हट्टालाच पेटतो. त्याने उरलेल्या रेकॉर्डिंगमधलीही अर्धी काढली. मग आणखी. प्रत्येक वेळी तेच उत्तर. प्रत्येक वेळी आत कमी जात होतं आणि बाहेरचा आवाज स्वच्छ होत होता. गर्दी पांगल्यावर एकाच माणसाचं बोलणं ऐकू यावं तसा.

शेवटी त्याने सगळीच काढली. आता खोलीत काकूंचा एकही शब्द जाणार नव्हता. आत काहीच नाही, तर बाहेरही काहीच नाही. व्हायला तसंच हवं होतं.

पंखा फिरत होता. खाली रिक्षा वळल्याचा आवाज आला. काम संपलं.

एक फाईल जास्त.

हर्षदने रुचिराकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याने ती वाजवली.

टक, टक, टक. श्वास. मोठी शांतता. पुन्हा टकटक, बोटांनी. आणि मग…

"आये… असंस काय गे घरात?"

निलेशचा आवाज.



लॅपटॉपमधली शांतता बराच वेळ चालली. उत्तराची वाट बघावी तेवढी. मग पावलं ऐकू आली. हळू, एकेक पायरी उतरणारी. काही पायऱ्यांनंतर ती थांबली.

फाईल तिथेच संपली.

रुचिराने तोंडावर पदर दाबून धरला होता. काकू रडत नव्हत्या. त्यांनी उशीजवळची नातीची पाटी ओढली. लॅपटॉपमध्ये नसलेलं काही सांगायचं असलं की त्या त्यावर लिहीत. अक्षर स्पष्ट होतं.

'त्या दिवशी मी ऐकलं होतं. उठले. दार उघडेपर्यंत वेळ लागला. कोणी नव्हतं. मुलं असतील वाटलं. परत लावलं.'

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकीलासुद्धा नाही.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. दुपारी इमारतीतली पोरं बेल वाजवून पळायची, म्हणून झोपताना काकू बेलचं बटण बंद करायच्या. ओरडून कोणाला बोलावता येत नाही या भीतीने आतून कडी लावायच्या. निलेशकडे किल्ली होती, पण कडीपुढे किल्लीचं काय चालणार? त्याने दार वाजवलं. आतून काहीच आलं नाही. आई झोपली असेल, नाहीतर बाहेर गेली असेल, असं समजून तो खाली उतरायला लागला. त्याच वेळी काकू गुडघे धरून दाराकडे येत होत्या.

त्यांनी दार उघडलं तेव्हा तो एका वळणाखाली पडला होता.

रुचिरा आईला मिठी मारून खूप रडली. हर्षद खाली मान घालून बसला होता. 

मग डोळे पुसून रुचिराच बोलली. "दहाव्याला कावळा शिवला नव्हता. आठवतंय तुला?"

हर्षदला आठवत होतं, तो घाटावर होता. पिंड ठेवले, कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. काकांनी, मामांनी हात जोडून सांगून पाहिलं. आईला सांभाळू, रुचिराला काही कमी पडू देणार नाही. जे जे सुचलं ते बोलले. कावळे माना वाकड्या करून बघत राहिले. शेवटी रिक्षा पाठवून काकूंना घरून आणलं. त्या पिंडासमोर उभ्या राहिल्या, ओठ हलवत. काय म्हणत होत्या कोणाला कळलं नाही, सगळ्यांना वाटलं देवाचं नाव घेतायत. मागे दुसरी घरं खोळंबली होती. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि विधी उरकला. तशी रीतच आहे. खरा कावळा आला नाही की दर्भाचा चालतो.

चाचणी वगळ. हर्षदच्या मनात आलं आणि तो शहारला.

"काकू," त्याने विचारलं, "तेव्हा घाटावर तुम्ही काय म्हणत होतात?"

काकूंनी पाटी घेतली नाही. ओठ हलवले. तेच, पुन्हा पुन्हा. रुचिरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम तिला कळलं.

"इलंय," ती म्हणाली. "इलंय रे, इलंय."

मालवणीत इलंय म्हणजे आले. जुन्या चाळीत असताना दार वाजलं की काकू मोरीत असोत, चुलीपाशी असोत, तिथूनच ओरडायच्या. इलंय रे, इलंय. अख्खी चाळ त्यांना त्यावरून चिडवायची. मग दार उघडायला कितीही वेळ लागला तरी बाहेरचा माणूस थांबायचा. निलेश तर शाळेपासून त्या आवाजावर दाराबाहेर उभा राहत आलेला. त्या दुपारी तो आवाज आला नाही, म्हणून तो वळला.

आणि आईची एवढी वाक्यं रेकॉर्ड करताना नेमकं हेच राहून गेलं होतं. रोज ऐकू येणारी गोष्ट मुद्दाम कोण टिपून ठेवतो?

रुचिराने फोन काढला. जुने व्हिडिओ बघत सुटली. गणपती, वाढदिवस, कोणाकोणाची लग्नं. ऊन भिंतीवरून सरकत होतं. शेवटी तिच्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ सापडला. पाळणा, बायकांची गाणी, मागे कोणीतरी दार वाजवतंय. आणि लांबून, स्वयंपाकघरातून…

"इलंय रे, इलंय!"

काकूंनी डोळे मिटले.

हर्षदने तेवढाच तुकडा कापून घेतला, साफ केला. तो रिकाम्या रेसिपीत घालणार, तेवढ्यात रुचिराने त्याचा हात धरला. गावी सांगतात, ती म्हणाली, गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नाही. दिली तर त्याचा पाय घरातून निघत नाही.

हर्षदने काकूंकडे बघितलं. त्या त्याच्याचकडे बघत होत्या. निलेश गेल्यापासून पाहिली नव्हती एवढी ताठ मान होती त्यांची. रुचिराने हात सोडला.

त्याने तुकडा आत घातला. वगळलेली चाचणी पुन्हा सुरू केली.

आत एक. बाहेर एक.

पास.

मग त्याने काकूंची सगळी वाक्यं परत घातली. तरीही पास. जास्तीची फाईल कुठेच नव्हती. त्याने शोध शोध शोधली. मुलुंडच्या घरी केलेल्या जुन्या पॅकेजातूनही ती गायब झाली होती. एखादी फाईल पुसली तर तिची खूण राहते, हर्षद सांगतो. इथे खूणही नव्हती.

नवं पॅकेज काकूंच्या लॅपटॉपवर चढवलं. काकूंच्या स्क्रीनवर एक नवीन चित्र आलं, दाराचं.

 हर्षदला एकदम थकवा जाणवला. वाटलं, संपलं. आता घरी जावं आणि झोपावं.

आणि तेव्हाच…

टक. टक. टक.

लॅपटॉपमधून नाही.

दारावर.

रुचिराची नखं हर्षदच्या मनगटात रुतली. काकूंना मात्र जराही धक्का बसला नाही. त्यांनी शांतपणे दाराचं चित्र दाबलं.

"इलंय रे, इलंय!"

बाहेरची टकटक थांबली. पावलं वाजली नाहीत. कोणी उतरलं नाही.

काकू उठल्या. गुडघे धरत, भिंतीला हात लावत, अजिबात घाई न करता दारापर्यंत गेल्या. कडी काढली. दार पूर्ण उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. जिन्याच्या खिडकीतून आलेलं ऊन आणि समोरच्यांच्या चपला.

काकू रोज उघडून लगेच बाहेर डोकवायच्या. आज डोकावल्या नाहीत. दार धरून त्या बाजूला सरकल्या, अंग चोरून. कोणाला तरी आत यायला वाट द्यावी तशा.

थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग त्यांनी दार लावलं. आतून कडी घातली.

त्या दिवसापासून टकटक बंद झाली. काकू जेवायला लागल्या, झोपायला लागल्या. रुचिरा फोनवर सांगायची, आई सुधारतेय, अंगावर मांस चढलंय. हर्षदनेही स्वतःची समजूत घातली. जे झालं ते झालं, पोराचा जीव अडकला होता, मोकळा झाला. एवढं बोलून तो विषय संपवायचा. त्यालाही दुसरं काही परवडण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीनंतर एकदा तो सहज कांजूरला गेला. तिळगूळ घेऊन, दुपारचा. फोन न करता. चौथ्या मजल्यावर पोचला आणि दार वाजवायला हात उचलला, तर आतून लॅपटॉपचा आवाज येत होता.

"जेवलंस काय?"

मग शांतता. कोणी उत्तर देईपर्यंत थांबावं तेवढी.

"बस जरा. चाय ठेवलंय."

पुन्हा शांतता. हर्षदला वाटलं, रुचिरा आली असेल. पण दाराबाहेर एकट्या काकूंच्याच चपला होत्या. नंतर त्याने विचारलंही, रुचिरा त्या दिवशी दहिसरलाच होती.

तो हात तसाच वर धरून ऐकत राहिला. शांतता जरा लांबली, आणि मग…

काकू हसल्या.

मोकळं, मोठ्याने, घरभर. चाळीत हसायच्या तसं.

हर्षद सांगतो, त्या पॅकेजातला एकेक आवाज त्याने स्वतःच्या हाताने काढला आहे आणि स्वतःच्या हाताने घातला आहे. त्यात हसणं नाही. निलेशने ते कधी रेकॉर्डच केलं नव्हतं. आणि ज्या बाईच्या गळ्यात स्वरयंत्र नाही, तिला आवाज करून हसता येत नाही. डॉक्टरांना विचारा, कोणालाही विचारा.

त्याने तिळगुळाची पुडी दाराच्या कडीला अडकवली आणि आवाज न करता जिना उतरला.

ते पॅकेज काढून टाकायला त्याचा हात उठत नाही. काढलं तर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज जाईल, आणि सुखसुद्धा. ठेवलं तर आपण त्या घरात नेमकं काय बसवून दिलंय, ते त्याला ठाऊक नाही.  

काकूंकडे तो अजून जातो. खालून आधी फोन करतो, दार उघडून ठेवा म्हणतो, मगच वर चढतो.

दार मात्र तो वाजवत नाही. वाजवलं तर आतून कोण इलंय म्हणेल, याची त्याला आता खात्री वाटत नाही.